दोन खेळाडूंचा अबोला

तिसरा दिवस.
भाजीत मीठ कमी आहे, हेसुद्धा त्यानं
सासूबाईंकडून कळवलं.

कारण एवढंच, की चुलतभावाला चाळीस हजार
मला न विचारता.
त्यातून फरशी बदलायची होती.
मोरीपाशी ती अजून उचकटलेलीच आहे,
आणि मी तिथे ठेचकाळले की
जरा जास्तच जोरात ‘आई गं’ म्हणते.

पण रात्री साडेअकराला
पडद्यापलीकडे सासूबाईंचा श्वास एका लयीत लागला,
की कन्नमवार नगरातल्या या खोलीत
पलंगाच्या कडेला आम्ही दोघं येऊन बसतो.
मध्ये एक उशी.
समोर लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतलेला कॉम्प्युटर,
पिठाच्या चक्कीसारखा घरघरणारा.
त्याचा गेमपॅड काळा, माझा निळा.
निळ्याची डावी काडी बिघडलीय:
अंगठा उचलला तरी माझी बाई
हळूहळू डावीकडे चालत राहते
भिंत लागेपर्यंत.
दुरुस्तीवाला म्हणाला, झिजलंय, नवीन घ्या.
मला तिची सवय झालीय.

आवाज बंद.
बॉम्ब फुटतात ते फक्त तळहातात,
गुर्र, गुर्र,
डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखे.

चौथी पातळी. पडकं बंदर, क्रेन, धुकं.
कंटेनरांमागून ते येतात चहूबाजूंनी,
आणि अबोला असो नसो,
पाठीला पाठ लावावीच लागते.
उजवीकडचे तो बघतो, डावीकडचे मी.
(तसंही मी डावीकडेच जाते.)

त्याच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव तरंगतं.
लग्नात उखाणा घेताना मी अडखळले होते,
चांदीच्या वाटीत काय होतं तेच विसरले,
आणि नुसतंच ‘प्रद्योत’ म्हणून मोकळी झाले.
मांडवभर हशा.
आता घ्यावं लागत नाही नाव.
समोरच असतं, भिंतीआडूनसुद्धा दिसतं,
आणि तो पडला की लाल होतं.

काल पडला.
दोन क्रेनच्या मध्ये, अगदी उघड्यावर.
रांगत होता. तीस सेकंद शिल्लक.
मनात आलं, पडू दे.
चाळीस हजार.
वीस सेकंद.
उचकटलेली फरशी.
चौदा.
मग निघालीच माझी बाई, तिरकी, डावीकडे ओढ खात,
अंगावर गोळ्या झेलत,
आणि मी चौकोनाचं बटण दाबलं.
दाबूनच धरावं लागतं, पाच सेकंद.
सुटलं की सगळं पहिल्यापासून.
तेवढा वेळ पळता येत नाही, नेम धरता येत नाही,
नुसतं वाकून राहायचं दुसऱ्यावर
आणि पांढरं वर्तुळ भरताना बघायचं.

उठला.
आभार मानायचं एक बटण आहे. नाही दाबलं.
थोडं पुढे, कंटेनरच्या आडोशाला,
माझ्या पायाशी काहीतरी पडलं:
त्याच्या गोळ्यांतल्या निम्म्या.
माझ्या संपल्यात, हे मी सांगितलं नव्हतं.
त्यानंही विचारलं नव्हतं.
तेव्हाही नव्हतं विचारलं.

हाच तो हात, म्हणजे.
चुलतभावाच्या पोरीची फी असो
की माझी बंदूक,
रिकामं दिसलं की ओतून मोकळा.
राग गेला असं नाही.
कुठे ठेवावा, तेवढं कळेना.

पहाटे साडेचारला पाणी आलं.
पिंप भरल्याचा आवाज ऐकत मी पडून होते.
मग मोरीपाशी काहीतरी धडपडलं,
आणि अंधारात, अगदी दबक्या आवाजात,
‘आई गं.’

‘काय झालं रे?’ पडद्यापलीकडून.
‘तुला नाही, झोप.’
मी तोंड उशीत खुपसलं, मधल्याच उशीत.

स्क्रीन रात्रभर चालूच राहिलेली.
बंद कर, असं म्हणणार कोण?
धुक्यात तो कंटेनरपाशी उभा,
आणि माझी बाई भिंतीला नाक लावून
अजून चालतेय.